रत्नागिरीच्या रिक्षावाल्या दादांना

दादा, नमस्कार.

आम्हाला सोलापूरला पोचून आठ दिवस झाले. आभार मानायला फोन केला, तर "आजींचा गुडघा कसा आहे?" एवढं विचारून तुम्ही गिऱ्हाईक आलंय म्हणत फोन ठेवलात. म्हणून आता चारचौघांत लिहिते. नाव घालत नाही, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल.

आधी पोटातलं बाहेर काढते. आई 76 वर्षांची. तिने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, केशवसुत तर दरवर्षी, पण त्यांचं जन्मगाव मालगुंड कधी पाहिलं नव्हतं. जानेवारीत निघालो. एसटीत तिला तिकीट नाही, मला अर्धं. आंबा घाट उतरल्यावर कंडक्टरने तिला पाय मोकळे करायला खाली उतरवलं, पुन्हा हात धरून वर घेतलं. फुकट प्रवाशाची ही बडदास्त! आणि ज्यांना रोख पैसे मोजले त्यांची तऱ्हा बघा. लॉजवाल्याने फोनवर तीनदा "खालचीच खोली देतो" सांगून दुसऱ्या मजल्याची किल्ली पुढे केली. लिफ्टच्या दारावर 'बंद आहे'चा कागद, तोही पिवळा पडलेला. वर सल्ला, "आजींना जरा धरून न्या की." गाडीवाल्याने दोन हजार आगाऊ घेतले. सकाळी आठला येणार होता, साडेनऊपर्यंत फोन बंद. ते दोन हजार अजून यायचेत.

तुम्ही त्याच लॉजच्या दारात कुणालातरी सोडायला आला होतात. आई काठी आडवी धरून पायरीवर बसलेली. कुठं जायचं ते विचारलंत, भाडं आधीच सांगितलंत आणि म्हणालात, "रिक्षा आहे, हाडं हलतील. पण घाई नाय काय, आजी."

जाताना आई डाव्या बाजूला बसली होती. आरे-वारेच्या चढावर वळण घेतलं आणि समुद्र एकदम तिच्या मांडीवरच आला म्हणा ना. खाली एका हाताला आऱ्याची पुळण, दुसऱ्या हाताला वाऱ्याची. मला वाटलं ती घाबरेल. तिने चष्मा पुसला, पदर खोचला आणि मान बाहेर काढली. मालगुंडला केशवसुतांच्या घरात ती एक शब्द बोलली नाही, हे तिच्या बाबतीत फारच झालं. गणपतीपुळ्यात प्रदक्षिणा घालायची म्हणजे अख्ख्या डोंगराला, तिने काठीने हवेत एक गोल काढला आणि म्हणाली, "झाली माझी." पण वाळूतून देवळापर्यंत जाऊन-येऊन गुडघा टम्म सुजला. परत रिक्षात बसवताना तुम्ही आणि मी दोघांनी मिळून तिला उचललं.

येताना तीच डावी बाजू, आणि आता समुद्र उजवीकडे. रिक्षाच्या त्या अंगाला आडवा दांडा, वर रेक्झिनचा पडदा, मध्ये मी. आईला काही दिसत नव्हतं आणि ती काही म्हणत नव्हती. माझ्या तर ध्यानातही आलं नाही; मी गाडीवाल्याला शिव्या घालणारा मेसेज टाइप करत होते. सूर्य बुडायला आला होता. आरे-वारेच्या माथ्यावर तुम्ही एकाएकी रिक्षा वळवलीत. मला वाटलं, काहीतरी विसरलं. तुम्ही तोंड पुन्हा पुळ्याकडे केलंत, कडेला घेतलीत, दोनदा पुढे-मागे करून नीट लावलीत आणि इंजिन बंद केलंत. डावी बाजू बरोबर समुद्रासमोर. "उतरू नका आजी, बसल्या जागी बघा."

वीस मिनिटं. तुम्ही पलीकडे कठड्याजवळ जाऊन मुलीला फोन केलात, उशीर होईल म्हणून. वाऱ्याने तेवढं ऐकू आलं. आईने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, वर्गात परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. पूर्ण बुडाला तेव्हा म्हणाली, "चला." तुम्ही रिक्षा परत वळवलीत. त्या वीस मिनिटांचे पैसे तुम्ही धरले नाहीत, मी दिले तर घेतले नाहीत.

कोणी सांगितलं होतं तुम्हाला? कोणीच नाही. जाताना आरशात तिची बाहेर काढलेली मान पाहिली असणार आणि तेवढी लक्षात ठेवली असणार. आमच्याकडे 'माणुसकी' म्हटलं की रक्तदान आणि ब्लँकेट वाटपाचे फोटो येतात. ते चांगलंच आहे. पण समोरच्याला काय दिसत नाहीये, हे ओळखायला वेगळीच नजर लागते.

दुसऱ्या दिवशी थिबा राजवाडा दाखवलात. मंडालेहून 1885 मध्ये देशोधडीला लागलेला ब्रह्मदेशाचा राजा, 1910 मध्ये त्याला हा वाडा मिळाला आणि 1916 मध्ये इथेच गेला. आई म्हणाली, "एवढ्या उंचावर घर दिलं, पण गाव काही दिसलं नाही बिचाऱ्याला." टिळकांचं घर धावतंच पाहिलं. पतितपावन मंदिरापाशी मात्र मला लॉजवाला आठवला. 1931 मध्ये सावरकरांच्या पुढाकाराने भागोजीशेठ कीरांनी सगळ्या जातींना मोकळं असलेलं देऊळ बांधून दिलं, आणि त्याच गावात या गृहस्थांना एक लिफ्ट दुरुस्त करून घेता येईना! असो. ते रत्नागिरीचं माप नव्हे. माप तुम्ही.

शेजारच्या बायका आईला विचारतात, काय काय पाहिलं? गणपती तिसरा येतो, केशवसुत दुसरे. पहिली रिक्षा, आणि ती कशी वळवली हे ती पोळपाट फिरवून दाखवते.

काल एसटीच्या पार्सलने डबा टाकलाय. रत्नागिरी स्टँडवर सोडवून घ्या, पावतीचा फोटो पाठवलाय. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आहे. चटणी आईने स्वतः कुटलीय, त्यामुळे हात जरा तिखटाचा. मुलीला दह्यात कालवून द्या.

तुमची,
सोलापूरच्या आजींची लेक