पुन्हा चुगली करू का?

मिनियापोलिस, 12 ऑक्टोबर

प्रिय दिल्या,

सात महिने ना पत्र ना फोन, आणि आता एकदम हा भारा. शिव्या आधी देऊन घे, मग वाच. माझी साखर ताब्यात, गुडघा तसाच.

आमच्या ऑफिसातला तो आडदांड वकील आठवतो? तू आलास तेव्हा त्याने हस्तांदोलन केलं आणि तू अर्धा तास बोटं चोळत बसलास. कंपन्या विकत घ्यायच्या तर दोनदोनशे पानी करार तोच पिंजून काढतो. कॉलेजात अमेरिकन फुटबॉलच्या लाइनवर गार्ड होता. म्हणजे तुला कळेल असं सांगतो: चेंडूला हात न लावता समोरच्या सव्वाशे किलोच्या गड्याला दर डावाला अंगावर घ्यायचं, आणि टाळ्या मागून पळणाऱ्याला. आपल्या कबड्डीत डाव्या कोपऱ्यातून घोटा तू धरायचास आणि पेपरात नाव सुऱ्याचं यायचं, तसंच.

मंगळवारी मीटिंगमध्ये त्याने एकच कलम वीस मिनिटांत दोनदा समजावलं. त्याच शब्दांत, त्याच विनोदासकट. लोक दोन्ही वेळा हसले. संध्याकाळी पार्किंगमध्ये बघतो तर हा गाडी शोधतोय. मीच शोधून दिली. बसल्यावर काच खाली करून म्हणाला, हे तिसऱ्यांदा झालंय, घरी माहीत नाही, तूही कुणाला बोलू नकोस.

आता मीही दूध आणायला जाऊन कोथिंबीर घेऊन येतो. पण मी कॉलेजची चार वर्षं डोक्याने भिंती ढकलल्या नाहीत. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी दान आलेले मेंदू तपासले, त्याचे आकडे 2017 साली छापून आले. फक्त कॉलेजपर्यंत खेळलेल्या 53 जणांपैकी 48 जणांत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार धक्के बसून होणारा मेंदूचा आजार. हो दिल्या वकीलसाहेब, तुमचा आक्षेप ठाऊक आहे. ज्यांच्या घरच्यांना आधीच शंका, तेच बहुतेक मेंदू देतात, त्यावरून सगळ्यांचा हिशेब मांडता येत नाही. शिवाय पक्कं निदान माणूस गेल्यावरच होतं. आयुष्यभर धाकधूक आणि निकाल मेल्यावर, तुमच्या दिवाणी कोर्टासारखं.

माझा जीव कुठे अडकलाय ते तुला कळलं असेलच. ओंकार. सतरा वर्षांचा, 118 किलो, आईच्या हातची साबुदाण्याची खिचडी पातेल्यातूनच खातो. त्याचे खांदे बघून त्याला लाइनवर नेऊन उभा केला तो याच वकिलाने. आता एका कॉलेजचं बोलावणं आलंय. मी तोंड उघडलं की ओंकारचं उत्तर तयार: अ‍ॅलन पेज. आमच्या इथल्या व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाच्या लाइनवर खेळता खेळता 1978 साली कायद्याची पदवी, मग लॉ फर्ममध्ये वकिली, 1993 ते 2015 मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती. ओहायोतल्या कॅन्टनला थोर फुटबॉलपटूंच्या ज्या हॉल ऑफ फेमच्या बांधकामावर पोरवयात राबला, त्यातच 1988 साली त्याला स्थान मिळालं. काय बोलणार? म्हटलं, बाबा रे, एकच पेज वाचून पुस्तक कळत नाही. पोरगं हसलंसुद्धा नाही. त्याचं मराठी तेवढंच.

हे मी तुलाच का लिहितोय? 1987 चं निवड शिबिर. आप्पांना सांगू नकोस म्हणालास आणि मी सांगितलं. तुझी बॅग एसटीतून उतरवली गेली, मग पुणे, लॉ कॉलेज, कंपनीची नोकरी, फ्लॅट. दोन वर्षं मला चुगलखोर म्हणालास, मग बोलायला लागलास. मी बरोबर केलं की वाटोळं केलं, हे मात्र कधी सांगितलं नाहीस. फक्त सुऱ्याच्या लग्नात तिसऱ्या पेगला म्हणालास, "डावा कोपरा अजून माझाच आहे." याचा अर्थ काय लावायचा, गाढवा?

वहिनींचा मोतीबिंदू नीट झाला ना? मुग्धाला नोकरी लागल्याचं सुऱ्याकडून कळलं, तिला शाबासकी दे. तुझ्या बदलीचं काय झालं ते फोनवर.

शनिवारी ओंकार त्या आडदांड वकिलाकडे कॉलेजचे कागद समजून घ्यायला जाणार आहे. त्याआधी फोन कर. तुझे रात्रीचे अकरा म्हणजे माझी जेवणाची सुट्टी. मी गप्प बसू, की ओंकारला सांगू, की नुसताच सोबत जाऊन बसू आणि तो एकेक कलम कितीदा समजावतो ते मोजू?

तुझा,
चुगलखोर