मिल्याला, चोडण-दिवाडी फिरून आल्यावर

पणजी, डिसेंबर

प्रिय मिल्या,

तुझा मेसेज वाचला. शंभर किलोमीटर, सरासरी वेग, घाट किती मिनिटांत चढलास, सगळं कळलं. अभिनंदन रे! पण वाटेत काय दिसलं, याचा त्यात एक शब्द नाही. म्हणून मुद्दाम हे लांबलचक पत्र. परवाच्या रविवारी मी चाळीस किलोमीटरसुद्धा भरणार नाहीत एवढ्या अंतराला अख्खा दिवस लावला. आता तुला जळवतो.

उजाडता उजाडता पणजी सोडली. रायबंदरचा कॉजवे पोर्तुगिजांनी १६३३-३४मध्ये बांधलेला. एका हाताला मांडवी, दुसऱ्या हाताला मिठागरं. माझ्यापुढे पोदेर, म्हणजे गोव्याचा पाववाला, चालला होता, कॅरियरवर पावांची भली मोठी टोपली, हँडलला पों-पों भोंगा. बिनगिअरच्या सायकलवर, एवढ्या ओझ्यानिशी, गडी मला कधीच मागे टाकून गेला. तुझ्या कार्बन फ्रेमला सांग!

रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर. उतरल्या उतरल्या सलीम अली पक्षी अभयारण्य. सायकल बाहेर लावून खारफुटीतून पायवाटेने हिंडलो. खंड्या, बगळे, डोक्यावर ब्राह्मणी घार. या चिखलात मगरीही आहेत म्हणे. मला एकही दिसली नाही आणि माझी काही तक्रार नाही.

खरी मजा पुढे, बांधावर. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला खाजन, म्हणजे भरतीच्या पातळीहूनही खाली असलेली भातशेती. मध्ये हा मातीचा बांध आणि त्यात ‘मानस’. जांभ्या दगडाची चौकट आणि वर बिजागरीला टांगलेली लाकडी दारं, बस्स. भरती आली की नदीचं पाणीच दारं दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी ती बाहेर ढकलून निघून जातं. ना मोटर, ना दारं उघडायला माणूस. मी पोचलो तेव्हा नदी उतरत होती. दारं वीतभर उघडली होती, फटीतून गढूळ पाणी खळखळत होतं आणि तोंडाशी जाळं लावून एक आजोबा बसले होते. शेजारी मीही बसलो. ही व्यवस्था पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीची. पावसाळ्यात इथे कोरगुट नावाचं भात होतं, खारवट जमीन सोसणारं. बांध फुटला आणि खारं पाणी आत शिरलं, की शेत काही वर्षं तरी कामातून गेलं. बांध वेळेवर बांधायला हल्ली कुणाला सवड नाही, असं आजोबा म्हणाले. आमचं बोलणं अर्धं कोकणीत, अर्धं मराठीत.

पूल ओलांडून मये गाव गाठलं. तिथले चढ काही फार नाहीत, पण ऊन चढलं होतं. नार्व्याचा सप्तकोटेश्वर मात्र चुकवू नकोस. देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८मध्ये केला, दारावर शिलालेख आहे. हा देव मूळचा दिवाडी बेटावरचा, गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. दिवाडीचं देऊळ पोर्तुगिजांनी पाडल्यावर लिंग नदीपार इथे आलं. देव ज्या पाण्यावरून आला, त्यावरूनच मी उलटा फेरीबोटीने दिवाडीला गेलो. दहा मिनिटांचा प्रवास, सायकलवाल्याला तिकीट नाही. शेजारच्या बाईंच्या पिशवीतली कोंबडी सगळा वेळ माझ्या पॅनिअरवर, म्हणजे सायकलला अडकवलेल्या पिशवीवर, चोची मारत होती.

दिवाडीत एकच चढ, पिएदादच्या चर्चचा, पण चांगलाच दमवतो. उतरून ढकलली सायकल, लपवत नाही. वरून मांडवी, खाजनं आणि पलीकडे जुन्या गोव्याची चर्चं. खाली गावात मिक्स भाजी, पाव आणि दोन ग्लास कोकम सरबत. मग शेवटची फेरीबोट. जुन्या गोव्याला उतरलो, की रस्ता थेट व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. वर वास्को द गामाचा पुतळा, खालून घामेजलेला मी!

एक सांगतो, फेरीबोट फार गुणी. ती येईपर्यंत धक्क्यावर थांबावंच लागतं, तिथे तुझं घड्याळ काही कामाचं नाही.

जानेवारीत ये. तुझी रेसर आणू नकोस, बांधावरच्या दगडमातीत तिचे टायर टिकायचे नाहीत. माझ्याकडे दुसरी सायकल आहे, तिची सीट तुझ्या उंचीला वर करून ठेवतो. गुडघा कसा आहे ते मात्र खरं खरं कळव. वहिनींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास