धनगरवाड्याचा झरा आणि दहा हजार डॉलर

पुणे, डिसेंबर

प्रिय शर्वरी,

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना पैसे देणाऱ्या ‘प्रोजेक्ट्स फॉर पीस’ या निधीसाठी अर्ज करतेयस, आणि तोही मुळशीतल्या आजोळच्या धनगरवाड्यावरच्या झऱ्यासाठी, हे वाचून इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसले. जरूर कर. तुला अमेरिकेत शिकवणारी शिष्यवृत्ती शेल्बी डेव्हिस यांची आणि हा निधी त्यांच्या आईचा, कॅथरिन डेव्हिस यांचा. वयाची शंभरी गाठली तेव्हा, 2007 साली, त्यांनी विद्यार्थ्यांच्या शंभर प्रकल्पांना प्रत्येकी दहा हजार डॉलर दिले. विशी-बाविशीतल्या पोरांच्या हाती एवढी रक्कम विश्वासाने सोपवणं मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडेही असं घडलेलं आहे. बाबासाहेब 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पण परत आल्यावर ‘मूकनायक’ काढायला पैसा नव्हता, तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि 31 जानेवारी 1920 ला पहिला अंक निघाला. शिष्यवृत्तीने माणूस शिकतो, पण शिकून आल्यावर पहिलं पाऊल टाकायला असा वेगळा, छोटा पैसा लागतो. तो वेळेवर मिळाला तर काय उभं राहतं, ते आपण जाणतोच.

आता तुझ्या आराखड्याबद्दल. टाकी आणि पाइप, एवढंच तू लिहिलंयस. मला खरी काळजी वाटते ती तारखांची. तुमची उन्हाळी सुट्टी लागते मेच्या मध्यावर आणि मुळशीत जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो. त्यानंतर वर धनगरवाड्यापर्यंत सिमेंटची गोणी जायची नाही, आणि जुलैत भाताची आवणी सुरू झाली की गावात कामाला माणूस मिळायचा नाही. म्हणजे बांधकामाला तुझ्या हातात जेमतेम तीन आठवडे आहेत. अर्जात जूनपासून ऑगस्टपर्यंतचं वेळापत्रक टाकलंस तर कागदावर छान दिसेल, पण काम व्हायचं नाही. खडी, वाळू, पाइप एप्रिलमध्येच वर चढवायला हवेत. ते मी आणि तुझे मामा मिळून बघू.

त्याआधी झरा मोजायला हवा. एक बादली आणि घड्याळ पुरतं, फक्त मोजायचं ते एप्रिल-मेमध्ये, झरा सगळ्यात रोडावलेला असताना. समज, मिनिटाला दोनच लिटर पाणी आलं. तरी दिवसरात्र मिळून 2,880 लिटर होतात. सरकारी हिशेबाने माणशी रोजचे 55 लिटर धरले तर ते बावन्न माणसांना पुरतं. आज रात्रभर वाहणारं पाणी वाया जातं आणि पहाटे बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात. म्हणून मोठी टाकी नको, रात्रीचं पाणी साठेल एवढीच बांध. उरलेल्या पैशातून झऱ्याच्या वरच्या अंगाला कुंपण घाल, म्हणजे गुरं तिथे शिरणार नाहीत. ज्या मुळशीचं पाणी जवळजवळ शंभर वर्षं भिऱ्याला वीज करायला उतरतंय, जिथे धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तिथल्या वाड्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते, याचा मला अजूनही राग येतो. तुझं काम मला एवढं जवळचं वाटतं ते त्यामुळेच.

पैसा आणायचा कसा, हेही आत्ताच ठरव. परदेशी देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि तो आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच जमा व्हावा लागतो. ‘ओळखीच्या संस्थेच्या खात्यात टाकू’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नकोस. माझ्या माहितीतल्या एका मुलीचं चांगलं काम असल्याच घोळात वर्षभर अडकलं. तुझ्या नावावर घ्यायचे की नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत, हे सीएला विचारून मगच अर्जात लिही.

नऊएक लाख रुपये आपल्या मानाने खूप आहेत, पण ते एकाच उन्हाळ्याचे आहेत. तू ऑगस्टमध्ये परत जाशील. पुढच्या वर्षी व्हॉल्व्ह गळला तर कोणाला हाक मारायची? गावच्या पाणीपुरवठा समितीत वाड्यावरच्या दोन बायका असल्याच पाहिजेत, आणि पाणीपट्टी किती घ्यायची ते त्यांनी ठरवावं, तू नव्हे. शिवाय झरा ज्यांच्या जागेत आहे त्यांचं संमतीपत्र लेखी घे. मामांचा शब्द आहे म्हणून सोडू नकोस, पुढच्या पिढीत भांडणं होतात.

आणखी एक मनातलं. आपल्यासारखी शिकून बाहेर पडलेली मुळशीची पोरं आता बरीच झाली आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या डागडुजीला कोणताच निधी पैसे देत नाही. आपण काही जणांनी दरमहा थोडे बाजूला ठेवले तर तो खर्च सहज निघेल. मी सुरुवात करायला तयार आहे, तू तिकडच्या तिघा-चौघांना विचार.

26 जानेवारीला ग्रामसभा आहे. ठराव त्याच दिवशी झाला पाहिजे, नाहीतर एकदम 1 मे उजाडेल. तेव्हा मसुदा मराठीत, एका पानात, या महिन्याअखेर पाठव. मी तो सरपंचांना नेऊन देते आणि वाड्यावर वाचूनही दाखवते. मामांना मात्र तू स्वतः फोन कर.

तुझी,
मुक्ता