आधी देश सांग

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

नायजेरियातल्या ओंडोच्या गोदामात पोत्यांमागून उंदीर पळतात, हे काल तू हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. डिसेंबर ते एप्रिल हा तिकडे उंदरांमुळे पसरणाऱ्या लासा तापाचा जोर, आणि तू पुढच्या आठवड्यात मनूच्या लग्नाला येतोयस.

ये, जरूर ये. फक्त गोदाम सोडल्यापासून २१ दिवसांत ताप आला, तर दवाखान्यात जाण्याआधी फोन करून सांग: मी नायजेरियातून आलोय, गोदामात उंदीर होते. नुसतं 'घसा दुखतोय, अंग मोडून आलंय' म्हणालास तर इथे कुणीही टॉन्सिल्स म्हणेल, नाहीतर डेंगी. रक्तस्राव थोड्यांनाच होतो, त्याची वाट बघायची नसते. मलेरियाची तपासणी आधी होईल, होऊ दे. पण ती पॉझिटिव्ह आली म्हणजे लासा नाहीच, असं नसतं. त्याला पीसीआर, म्हणजे विषाणूच शोधणारी तपासणी लागते.

झालं माझं लेक्चर सुरू. रागावू नकोस. दहातल्या आठांना हा आजार सौम्यच होतो, तेही मला ठाऊक आहे.

शाळा सुटली की तू माझ्या लॅबमध्ये स्टुलावर बसून पेशी मोजायच्या काउंटरची बटणं टकटक दाबायचास. आज तिथे गोदामाचा सगळा हिशेब तुझ्या हातात आहे, हे मी शेजारच्या काकूंना तीनदा सांगून झालंय. पण लॅब म्हटलं की मला अमेरिकेतलं येल विद्यापीठ आठवतं. १९६९ साली लासा गावातून निघालेला हा विषाणू तिथे पोचला आणि एक तंत्रज्ञ त्याने गेला. त्या नमुन्यांवर तो कामही करत नव्हता! हा विषाणू वाढवायला बीएसएल-४, म्हणजे सगळ्यात कडक सुरक्षेची लॅब लागते, तशी पुण्यात एनआयव्हीत, राष्ट्रीय विषाणू संस्थेत आहे. आपल्या कोपऱ्यावरच्या लॅबमधली पोर साधे हातमोजे घालून तुझी ट्यूब उघडणार. तिच्यासाठी तरी आधी देश सांग.

बाबांना यातलं काही बोलले नाहीये. बीपीचं तुला माहीतच आहे.

आणि पॅरासिटामॉलने ताप दाबून विमानात बसायचं नाही. तसं काही वाटलं तर तिकडेच दाखव. लग्न चुकलं तर चुकलं, मनूला मी समजावेन, नानांशी भांडणही मीच करेन. गोदामातला शेवटचा दिवस कोणता, तेवढं आज कळव.

तुझी,
आई