देवबागच्या रापणकर काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या जानेवारीत मालवणजवळच्या देवबागच्या किनाऱ्यावर आपण मला रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोराशी जागा दिलीत, त्याबद्दल आपले मनापासून आभार. हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपण जे शिकवलेत ते समुद्रपक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्या इतरांनाही कळावे, असे मला फार वाटते.

पहिल्या दोन सकाळी मी वाळूवर बसलेल्या कुरवांच्या (गल पक्ष्यांच्या) थव्याकडे कॅमेरा घेऊन चालत जात होतो. थवा उडून कर्ली खाडीच्या मुखाशी जाऊन बसे आणि माझ्या हाती फक्त त्यांच्या पाठी येत. तिसऱ्या दिवशी आपण हाक मारून दोर माझ्या हाती दिलात आणि म्हणालात, “आधी पाणी बग, मगे पाखरां बग.”

दोर ओढता ओढता ते दिसू लागले. अर्धवर्तुळात टाकलेले जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्याकडे सरकू लागले की आतली तारली मासळी दाटीने वर येते आणि तेवढे पाणी काळसर होऊन थरथरते. प्रथम येतात ते सुरय (टर्न पक्षी). चोच खाली रोखून ते क्षणभर हवेत थबकतात आणि डोके खाली करून पाण्यात सूर मारतात. कुरवांना असा सूर साधत नाही, म्हणून ते जवळच तरंगत राहतात आणि मासा चोचीत आडवा धरून वर येणाऱ्या सुरयाच्या मागे लागतात. लहान मासा सुरय तिथल्या तिथे गिळतो. पाठलाग होतो तो मोठ्या माशासाठी. तरंगणाऱ्या कुरवाने मान ताठ केली की आता तो उठणार, ही खूण आपली. तोवर मी सूर मारणाऱ्या पक्ष्यावरच कॅमेरा रोखून बसत असे आणि खरी झटापट माझ्या चौकटीबाहेर होत असे.

त्याहून मोलाचे होते ते वाऱ्याचे ज्ञान. पक्षी थबकतो आणि उठतो तो वाऱ्याकडे तोंड करून. सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणून पक्ष्यांची तोंडे किनाऱ्याकडे असतात, आणि खाडीपलीकडून उगवलेला सूर्यही आपल्या पाठीशी असतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की दोन्ही उलटते. आपण नऊनंतर मला कॅमेरा ठेवायला सांगत होता, त्याचे कारण मला पुढे उमगले.

कॅमेऱ्याचे मला जे ठाऊक होते ते त्यानंतरच कामी आले: शटरचा वेग १/३२०० सेकंद, आणि प्रकाशाचे माप गडद पाण्यावर न घेता पांढऱ्या पंखांवर, नाहीतर पिसांचा तपशील पुसला जातो. पाचव्या सकाळी एका सुरयाच्या मागे दोन कुरव लागले, तारली सुटून पाण्यावर पडली आणि दोघांपैकी कोणी वळण्याआधी ब्राह्मणी घारीने ती पायात उचलून नेली. हे सारे सलग अकरा छायाचित्रांत आले आहे.

आणखी एका गोष्टीसाठी मी ऋणी आहे. एका पाहुण्याने कुरव जवळ यावेत म्हणून मासे फेकण्यासाठी मागितले, तेव्हा आपण शांतपणे नकार दिलात. हे कुरव लडाख, तिबेटकडच्या उंचावरील तलावांवरून थंडीपुरते इथे येतात आणि मार्चमध्ये डोकी तपकिरी होऊ लागली की परततात. त्यांनी स्वतःचे पोट स्वतः भरावे, हेच योग्य आहे. फेकलेल्या तुकड्यांवरची गर्दी टिपून त्यांची खरी स्पर्धा दाखवता येत नाही, असे माझेही ठाम मत झाले आहे.

त्या अकरा छायाचित्रांच्या प्रती सोबत पाठवत आहे. शेवटच्या छायाचित्रात घारीच्या खाली दोर धरलेले आपले सगळे सोबती दिसतात. त्याच्या जास्त प्रती काढल्या आहेत, त्या कृपया प्रत्येकाला द्याव्यात.

आपला ऋणी,
दोराच्या उत्तर टोकाला उभा असलेला पाहुणा