हजिऱ्यावरची तीन नावं

शिरपूर,
आखाजीचा तिसरा दिवस

प्रिय पिंट्या,

कसा शे भो? दोन वर्षांत मी तुला ना फोन केला ना पत्र, त्याबद्दल आधी माफ कर. तब्येत बरी आहे, आईचे गुडघे तसेच. आज लिहायला बसलो ते एका गोष्टीसाठी, आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

आखाजीला ताई माहेरी आली. उन्हं कलल्यावर पोरींना घेऊन थाळनेरला हजिऱ्यावर, त्या जुन्या कबरींपाशी गेलो. आपण शेळ्यांच्या मागे शिरायचो, तिथे आता कुंपण आहे, बसायला जागा आहे, सरकारची पाटी आहे. फार बरं वाटलं बघून. धाकटीला हौसेने सांगत होतो, बऱ्हाणपूर वसायच्या आधी खानदेशच्या फारुकी राजांचं ठाणं इथंच होतं, पहिला मलिक राजा १३९९ साली वारला, त्यांच्या घराण्याच्या या कबरी. ती त्या आठकोनी कबरीभोवती भिंतीला हात लावत कोपरे मोजत निघाली. एका कोपऱ्यावर थांबली आणि मोठ्याने वाचलं, ‘पिंट्या, बाप्या, गोटु, नववी ब.’

मग म्हणाली, “बाबा, कोण असतील हो ही माणसं? एवढ्या जुन्या दगडावर कुणी लिहितं का?”

मी गप्प बसलो, पिंट्या. मला बाप्या म्हणणारं आता घरात कुणी नाही, म्हणून तिला कळलं नाही. ती चौकीदाराला सांगायला निघाली, तर मी तिला उसाच्या रसाचं आमिष दाखवून बाहेर आणलं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सहाशे वर्षांचा दगड, आणि त्यावर आपण कर्कटक चालवलं. (टोक माझ्या कर्कटकाचं मोडलं होतं, तू भरून देणार होतास, ते अजून यायचंय!)

काल सकाळी एकटाच परत गेलो. चौकीदाराला सांगून रीतसर पुसून घ्यावं असं ठरवून गेलो होतो. पण नीट पाहिलं तर गोटुचा उकार ऱ्हस्वच आहे रे. बाईंनी किती कान पिळला, त्याने तो कधी दीर्घ केला नाही. अंगठा फिरवला तर चर अजून लागते. त्याच्या घरी भिंतीवर हार घातलेला फोटो आहे, त्यात तो मला आपला वाटतच नाही. इथे वाटला. तसाच परत आलो.

किल्ल्याकडेही गेलो नाही. आठवतं, १८१८ च्या लढाईत तुळशीराममामा किल्लेदार व्हायला तू दर वेळी हटून बसायचास? इंग्रजांनी त्याला फासावर दिलं हे गुरुजींनी सांगितल्यावर तर जास्तच. मला कायम इंग्रजांचा सेनापती हिस्लॉप. त्यावरून आपण आठ दिवस बोललो नव्हतो, आणि गोटु मात्र दोन्हीकडची तोफ व्हायचा. तो गेला त्या पावसाळ्यापासून तापीकाठी पाय टाकवत नाही. तू तरी जातोस का रे?

आपली दोन पुसायची आणि त्याचं ठेवायचं, असं तर सांगता येणार नाही ना? दगड आपला नाही, हे मला कळतं. तरीही.

सुरतेत धंदा कसा आहे? वहिनींचं ऑपरेशन झालं का? पोराच्या बारावीचं कळव.

कानबाईला गावी ये. धाकटीला सांगायचं आहे, आणि एकट्याने सांगायला माझी जीभ रेटत नाही.

तुझा,
बाप्या