स्ट्रेस इकोच्या अहवालात रक्तदाबाची नोंद नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझ्या आईची (वय ६२) स्ट्रेस इको तपासणी (ट्रेडमिलवर चालवून ताणाखाली हृदयाची सोनोग्राफी) गेल्या महिन्यात आपल्या केंद्रात झाली. अहवाल 'पॉझिटिव्ह' आला, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळ्याची शंका निघाली, म्हणून अँजिओग्राफी करावी लागली. आत नेण्यापूर्वी बांगड्या काढून माझ्या हातात देताना आईने कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत तेही सांगून टाकले. अँजिओग्राफीत एकाही रक्तवाहिनीत अडथळा निघाला नाही.

अहवाल कोणत्या रक्तदाबावर काढला, हे त्यात कुठेच लिहिलेले नाही. खूप विनवण्या केल्यावर ट्रेडमिलच्या नोंदींची प्रत मिळाली, तेव्हा कळले: चालायला लागण्यापूर्वीच बीपी १८८/१०२ आणि शेवटी २२८/१०८! आईला बीपीचा जुना त्रास आहे, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे. हे दाखवणारा जुना इको अहवाल काउंटरवर दिला होता, कुणी उघडूनही पाहिला नाही.

आमच्या डॉक्टरांनी समजावले, की दाब इतका चढला तर ब्लॉकेज नसतानाही ताणाखाली भिंतीचा एखादा भाग नीट आकुंचन पावत नाही. भिंत जाड असली की ईसीजीही फसवू शकतो. अहवालात दाबच नसेल, तर वाचणाऱ्याला ही शंका येणार कशी?

दाब एवढा का वाढला, याचेही उत्तर आपल्याकडेच आहे. फोनवर 'बीपीच्या सगळ्या गोळ्या बंद ठेवून या' असे सांगण्यात आले. आई मेटोप्रोलॉल आणि टेल्मिसार्टन घेते. मेटोप्रोलॉलने नाडीचा वेग तपासणीसाठी अपेक्षित आकड्यापर्यंत (तिच्या वयाला साधारण १३४) चढत नाही, म्हणून ती थांबवतात, पण डॉक्टरांना विचारून. एकदम बंद केली तर दाब उसळतो. टेल्मिसार्टन का थांबवायला लावली? कोणती गोळी चालू आहे, हे फोनवर विचारलेही नाही. वयस्कर माणसे असे सांगणे शब्दशः पाळतात.

सुरुवातीचा व सर्वोच्च रक्तदाब नोंदवून सुधारित अहवाल द्यावा आणि तपासणीचे शुल्क परत करावे. यापुढे गोळ्यांबाबतची सूचना रुग्णाच्या डॉक्टरांना विचारून, लेखी द्यावी. दाब फार चढलेला असेल, तर तपासणी पुढे ढकलण्याचा निर्णय डॉक्टरांनी तिथेच घ्यावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. ट्रेडमिलच्या नोंदी, जुना इको आणि अँजिओग्राफीचा अहवाल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपली,
रुग्णाची मुलगी